नाव अजून पटावर

अमेरिकेच्या सैन्यातून बाहेर पडणाऱ्या शिपायाच्या हातात एक कागद ठेवतात. डीडी २१४ हे त्याचं नाव. सगळा चौकोनांनी भरलेला. घराचं कर्ज, कॉलेजची फी, सरकारी नोकरी, कुठेही गेलं तरी पुढे हाच कागद दाखवावा लागतो, म्हणून लोक तो जपून ठेवतात. नीट वाचतात मात्र थोडे. सहाव्या चौकोनात एक तारीख असते आणि ती नोकरी संपल्याच्या तारखेच्या बरीच पुढची असते. नवव्या चौकोनात पुढे कुणाकडे वर्ग केलं ते असतं : केंटकी राज्यातल्या फोर्ट नॉक्सकडून चालवला जाणारा राखीव दलाचा एक गट. आणि तेविसाव्यात लिहिलेलं असतं की हा माणूस सक्रिय सेवेतून मोकळा झाला. सैन्यातून मोकळा झाला, असं तिथं लिहिलेलं नसतं.

ह्यूस्टनला राहणारी माझी आतेबहीण दिवाळीला आली होती. तिच्या मुलाचा हा कागद तिनं फोनवर आबांना दाखवला आणि त्यावरून जी जुंपली ती दोन संध्याकाळी चालली. आबा म्हणजे माझे वडील, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ताई एका इस्पितळात एचआर सांभाळते. मुलगा तिथंच जन्मलेला, अठराव्या वर्षी भरती झाला, चार वर्षं गाड्यांचा मेकॅनिक होता, आता सैन्याच्या पैशानं कॉलेजात शिकतोय. कुणालाही वाटेल की आई तक्रार करत असेल आणि जुना फौजी तिला शिस्तीचे धडे देत असेल. झालं नेमकं उलटं.

ताई : मामा, यात लपवलेलं काहीच नाही. भरतीच्या करारातच आठ वर्षं लिहिलेली असतात. १९८४ च्या जूनपासून सगळ्यांनाच आठ. त्याआधी सहा होती. त्यातली चार त्यानं वर्दीत काढली, उरलेली चार यादीत काढायची. कवायत नाही, पलटण नाही, केस वाढवा, दाढी वाढवा.

आबा : आणि पगार?

ताई : पगार कसला? काम नाही तर पगार नाही. पत्ता बदलला की कळवायचं, तब्येतीत काही बिघडलं तर कळवायचं. वर्षातून फार तर एक दिवस हजेरीला बोलावतात, त्याचे दोनशे-अडीचशे डॉलर मिळतात.

आबा : भरती करणाऱ्यानं काय सांगितलं होतं पोराला? चार वर्षं की आठ?

ताई : (हसून) चार. पण सही पोरानं केली ना? सही करण्याआधी वाचायचं असतं.

आबा : अठरा वर्षांचं पोरगं. मी सही केली तेव्हा मला काय वाचता येत होतं ते मला माहीत आहे.

मी मध्येच विचारलं, की मग महिन्यातले शनिवार-रविवार कवायतीला जातात ते कोण? ताई म्हणाली, ते वेगळे. तिकडच्या तयार राखीव दलात दोन मुख्य भाग आहेत. एक निवडक राखीव : त्यांना ठरलेलं युनिट असतं, महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून दोन आठवडे प्रशिक्षण असतं, त्याचे पैसे मिळतात. नॅशनल गार्डचे लोक यातच धरतात. दुसरा भाग म्हणजे सुटे राखीव, तिकडच्या भाषेत आयआरआर. यांचं युनिट नाही. नुसतं नाव, हुद्दा, कामाचा सांकेतिक क्रमांक आणि पत्ता. मुलगा यात होता.

आबा : म्हणजे पटावर नाव आहे, पण हजेरी घेणारा कुणी नाही.

ताई : गरज पडली की घेतात.

ही गरज कधी पडते आणि कुणाच्या सहीनं, हा यातला कळीचा भाग. ताईला तो पाठ होता. एचआरमध्ये असल्यानं तिला हे कायदे रोजच हाताळावे लागतात. काँग्रेसनं युद्ध किंवा आणीबाणी जाहीर केली तर राखीव दलातल्या कुणालाही बोलावता येतं, युद्ध संपेपर्यंत आणि वर सहा महिने. आठ वर्षांची मुदत त्या काळात भरत आली, तरीही युद्ध चालू असताना सोडतीलच असं नाही. करारातच तशी अट असते. ही झाली पहिली पायरी, आणि ती क्वचित येणारी. दुसऱ्या पायरीला काँग्रेस लागत नाही. राष्ट्राध्यक्षानं राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली की दहा लाखांपर्यंत राखीव सैनिक सलग २४ महिन्यांपर्यंत बोलावता येतात, मर्जी असो वा नसो. तिसरी पायरी त्याहून खालची, आणीबाणीचीही गरज नसलेली : दोन लाखांपर्यंत माणसं, ३६५ दिवसांपर्यंत. त्या दोन लाखांत सुट्या यादीतले ३० हजारांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, आणि तेही ज्यांनी आधीच तयारी दाखवून ठेवली आहे असेच.

आबा : मग दुसरीच पायरी धोक्याची. ती कधी वापरली?

ताई : ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तीन दिवसांनी बुश यांनी आणीबाणी जाहीर केली. तिची मुदत पुढच्या राष्ट्राध्यक्षांनीही दरवर्षी वाढवत नेली.

आबा : तेव्हा तुझ्या पोराचा जन्म तरी झाला होता का?

ताई त्यावर काही बोलली नाही. माझ्या मते, त्या संध्याकाळचं सगळ्यात टोकदार वाक्य तेच होतं, आणि आबांनी ते टोचायला म्हणून विचारलं नव्हतं; त्यांना खरंच हिशेब लागत नव्हता.

मग ती पूर्वीच्या लढायांवर आली. पहिल्या आखाती युद्धात, १९९१ च्या जानेवारीत, या यादीतले हजारो लोक बोलावले गेले. त्यानंतर मोठा प्रसंग २००४ चा. इराकमध्ये माणसं कमी पडायला लागली, तेव्हा जूनच्या अखेरीस लष्करानं जाहीर केलं की या यादीतल्या साधारण ५,६०० जणांना बोलावणार. त्यांत बंदुकवाले कमी आणि ट्रकचे चालक, मेकॅनिक, पुरवठ्याचे, कारकुनी कामाचे लोक जास्त. लग्न झालेली, दुकान टाकलेली, बाळ पाळण्यात असलेली माणसं. पत्रं गेल्यावर पहिल्या काही महिन्यांत जवळपास निम्म्यांनी सूट किंवा मुदत मागितली. काहींचे अर्ज मंजूर झाले. काहीजण हजरच झाले नाहीत.

आबा : मग? भगोडे?

ताई : तिथंच गंमत आहे. यादीत असेपर्यंत लष्करी कायदा त्यांना लागू होत नाही, तो लागतो बोलावण्याची तारीख उलटली की. खटले भरता आले असते, पण बहुतेकांच्या बाबतीत तसं केलं नाही. शेरा खराब करून नाव काढून टाकणं सोपं पडतं. पण तो शेरा जन्मभर चिकटतो, नोकरीला जाल तिथं विचारतात.

आबा : आणि अफसर?

ताई : अफसरांची तऱ्हा वेगळी. शिपायाची आठ वर्षं भरली की नाव आपोआप निघतं. अफसरानं स्वतः राजीनामा दिला नाही तर नाव यादीत तसंच राहतं. २००४ मध्ये असे कितीतरी निघाले, की ज्यांना वाटत होतं आपण कधीच सुटलो.

आबा यावर मनापासून हसले. अफसर कागद वाचत नाही, ही त्यांची जुनी समजूत पक्की झाली.

पण हसण्यानं मुद्दा मिटला नाही. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी आपल्या वडिलांची गोष्ट काढली. आमचे आजोबा, म्हणजे आबांचे दादा, जुन्या अटींवर भरती झालेले : सात वर्षं कलर सर्व्हिस, म्हणजे पलटणीतली नोकरी, आणि आठ वर्षं रिझर्व्ह. १८८८ चा इंडियन रिझर्व्ह फोर्सेस ॲक्ट हा त्याचा पाया. त्या काळी साताऱ्याच्या या पट्ट्यात 'रिझर्व्हिष्ट' हा नेहमीचा शब्द होता. शेजारच्या आपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत, जिथून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परत आले नाहीत, तिथं तर घरटी एक असावा.

आबा : बाजरी काढायला आली की नेमका बेळगावच्या सेंटरचा हुकूम यायचा, ट्रेनिंगला हजर व्हा. आजी सेंटरला शिव्या घालायची. पण दादा जायचे. तिथं पहिल्याच दिवशी डॉक्टर तपासायचा, मग बूट मिळायचे, मग फायरिंग. नवी रायफल आली असेल तर ती खोलायला-जोडायला शिकवायचे. आणि ते आलेत हे सेंटरमधल्या हवालदाराला माहीत असायचं, नावानिशी. महिन्याला चार पैसे यायचे, आणि कलर आणि रिझर्व्ह मिळून पंधरा वर्षं भरली की रिझर्व्हिष्टाची पेन्शन. मला सांग, तुमच्या यादीतल्या माणसाला यातलं काय मिळतं?

ताई : त्याला कॉलेज मिळालं. तीन वर्षं वर्दीत काढली की सरकारी कॉलेजची पूर्ण फी सरकार भरतं. तेच तर मोल आहे.

आबा : ते त्यानं चार वर्षं ग्रीस खाल्लं त्याचं मोल झालं. पुढच्या चार वर्षांचं काय?

ताई : मामा, तुम्ही हे रोजंदारीसारखं मोजताय.

आबा : सरकारही तसंच मोजतं. कवायत नाही म्हणून पगार नाही, हे तूच काल सांगितलंस.

आबांचा आक्षेप न्यायाचा कमी आणि धंद्याचा जास्त होता, हे हळूहळू माझ्या लक्षात आलं. हक्क सरकारचा आहे, हे ते नाकारतच नव्हते. स्वतः त्यांच्या भरतीच्या अटीतही कलर सर्व्हिसनंतर दोन वर्षं रिझर्व्ह लिहिलेली होती. आपल्याकडे कलर सर्व्हिस वाढत जाऊन १९७६ नंतर पंधराच्या पुढे गेली आणि रिझर्व्ह आक्रसत गेली, तेव्हाच्या भरतीतले ते. त्यांना पटत नव्हतं ते माणूस तयार आहे असं धरून चालणं.

आबा : दोन महिन्यांची सुट्टी संपवून जवान परत आला की आठवडा जातो त्याला लायनीवर आणायला. पळायला लावलं की दम लागतो, रात्री पहाऱ्यावर डुलक्या येतात, आणि डोकं घरी असतं. सुट्टीवरून आलेल्याची ही गत. तू म्हणतेस तीन वर्षं कॉलेजात बसलेला पोरगा, त्याला पत्र पाठवून उचलायचा आणि ज्यांना तो ओळखत नाही अशा माणसांत टाकायचा. त्याच्या डाव्या हाताला कोण आहे, उजव्या हाताला कोण आहे, त्याला काय माहीत?

ताई : लगेच नाही टाकत. वैद्यकीय तपासणी होते, उजळणी होते. २००४ मध्ये बऱ्याच जणांना आधी साउथ कॅरोलिनातल्या फोर्ट जॅक्सनला नेऊन पुन्हा शिकवलं. आणि मेकॅनिकला डावी-उजवी बाजू कशाला लागते? ट्रकचं इंजिन सगळीकडे सारखंच.

आबा : इंजिन सारखं असेल. रस्त्यावर ट्रक बंद पडला, आजूबाजूला गोळीबार चाललाय, आणि हा बॉनेटमध्ये डोकं घालून उभा आहे. तेव्हा त्याची पाठ कोण राखणार? ज्याला त्याचं नाव माहीत आहे तो राखतो.

यावर ताई चिडली. आधीच्या संध्याकाळपासून ती जे बोलत नव्हती ते बाहेर आलं.

ताई : मग कोण जाणार, मामा? ते सांगा. १९७३ पासून तिकडे सक्तीची भरती नाही. जे स्वतःहून येतात तेवढेच. लढाई लांबली की तेच तेच लोक तिसऱ्यांदा, चौथ्यांदा जातात. माझ्या इस्पितळात एक नर्स आहे, गार्डमध्ये आहे. दोनदा जाऊन आली. तिची जागा मी राखून ठेवली, १९९४ चा कायदाच आहे तसा, परत आली की तीच नोकरी, तीच ज्येष्ठता. दोन्ही वेळा तिचं लेकरू आजीकडे राहिलं. यादीतल्यांना हात लावायचा नाही म्हटलं तर तिसऱ्यांदा तीच जाणार. माझा मुलगा कॉलेजात बसून राहावा म्हणून?

आबांनी सुपारी कातरायला घेतली. उत्तर नसलं की ते अडकित्ता हातात घेतात.

ताईचा हा मुद्दा माझ्याही मनात घर करून राहिला. राखीव यादी ही शेवटची फळी आहे असं आपण धरतो, पण व्यवहारात ती थकलेल्या पहिल्या फळीला दम घ्यायला मिळणारी जागा असते. इराकच्या त्याच काळात दुसरा उपायही वापरला गेला होता, आणि तो मला जास्त कडू वाटतो : मुदत संपत आलेल्या शिपायाला सोडायचंच नाही. त्याची पलटण लढाईवर निघाली आहे, म्हणून करार संपला तरी थांब. याला स्टॉप-लॉस म्हणायचे. लोक कोर्टात गेले आणि हरले. अखेर २००९ मध्ये संरक्षणमंत्री गेट्स यांनी तो टप्प्याटप्प्यानं बंद करायचं ठरवलं, आणि ज्यांना असं अडकवून ठेवलं होतं त्यांना अडकलेल्या प्रत्येक महिन्याचे ५०० डॉलर पुढे देण्यात आले. घरी गेलेल्याला परत बोलावणं वाईट, की दारात पोचलेल्याला आत ओढणं? मी हे विचारलं तर आबा म्हणाले, दारातला बरा, तो निदान फिट तरी असतो. म्हणजे त्यांचा माप घ्यायचा फूट शेवटपर्यंत एकच राहिला.

ताईनं मग आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती आबांना पटली. २००६ च्या ऑगस्टमध्ये मरीन कोअरनंही या यादीतून एका वेळी अडीच हजारांपर्यंत माणसं सक्तीनं बोलावायचं ठरवलं. पण त्यांनी दोन गट वगळले : नुकताच सुटलेला, म्हणजे यादीतलं पहिलं वर्ष चालू असलेला, आणि शेवटचं वर्ष चालू असलेला.

आबा : हां. हे कुणा जुन्या सार्जंटनं सुचवलं असणार. पहिल्या वर्षी माणूस घरी बसायला शिकत असतो. त्याला तेव्हा हलवायचं नाही. शेवटच्या वर्षाचा दिवस मोजत असतो, तो कामाचा नाही. मधल्यांना घ्या.

ताई : म्हणजे मधल्यांना घेतलेलं चालेल तुम्हाला?

आबा : चालेल असं मी कुठं म्हणालो? घ्यायचंच असेल तर म्हणालो.

ती पुढे सांगत राहिली की हल्ली या यादीकडे हात गेला तो फार बेताचा. २०२३ च्या जुलैत युरोपातल्या फौजेच्या मदतीसाठी बायडन यांनी तीन हजारांपर्यंत राखीव सैनिक बोलावायची परवानगी देऊन ठेवली, त्यात यादीतले जास्तीत जास्त ४५०. आणि बोलावलंच, तर कर्जावरचं व्याज सहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही, भाड्याच्या घराचा करार दंड न भरता मोडता येतो. आबांना व्याजाची अट फार आवडली. त्यांनी ती मला दोनदा सांगायला लावली आणि सोसायटीच्या सचिवाला ऐकवायचं ठरवलं.

आणि मग आबांनी जो तोडगा काढला, त्यानं ताईची दोन दिवसांची सगळी मांडणी कोलमडली.

आबा : यादीत राहण्यापेक्षा त्यानं त्या शनिवार-रविवारवाल्यांत नाव घालावं. गार्डमध्ये म्हण, नाहीतर जवळच्या राखीव युनिटमध्ये. महिन्याचे पैसे येतील, हात चालता राहील, चार माणसं ओळखीची होतील. उद्या जावं लागलं तर त्यांच्याबरोबर जाईल. एकटा नाही जाणार.

ताई : आणि जायची शक्यता किती वाढेल? यादीतल्याला बोलावायच्या आधी त्या युनिटांना बोलावतात.

आबा : वाढेल.

ताई : मग?

आबा : मग काय? करार आहे, कायदा आहे, सही त्याची आहे, कुणीतरी जायलाच पाहिजे. हे सगळं तूच सांगत होतीस.

ताई : मी जे लिहिलंय त्याबद्दल बोलत होते. न लिहिलेलं स्वतःहून मागून घ्या, असं नव्हते म्हणत.

मला दोघंही बरोबर वाटले आणि दोघांचाही थोडा राग आला. ताईला यादी मान्य होती, कारण ती यादी बहुधा कपाटातच राहील याची तिला आतून खात्री होती. आबांना यादी मान्य नव्हती, कारण त्यांच्या लेखी हुकूम हा येण्यासाठीच असतो.

शेवटी मुलालाच विचारू म्हणून फोन लावला. तिकडे सकाळ होती, तो बसस्टॉपवर उभा होता. गार्डचं काय, असं आबांनी आडून विचारलं. तो म्हणाला, बघू, आधी ही सेमिस्टर संपू दे. पुढच्या महिन्यात हजेरीचा दिवस आहे, तिथे युनिटवाले टेबल लावून बसतातच, तेव्हा बोलतो. हजेरीचे पैसे आले की गाडीला नवे टायर टाकायचे आहेत.

"हजेरीचं पत्र आलं का?" ताईनं विचारलं.

"ईमेल आला. पत्र जुन्या अपार्टमेंटला गेलं असेल."

"नवा पत्ता कळवला नाहीस?"

"करतो ना, मॉम."

ताईनं तिथल्या तिथं त्याला पोर्टल उघडायला लावलं आणि बस येईपर्यंत एकेक रकाना भरून घेतला. आबा मागून पिनकोड नीट घाल म्हणून सांगत होते.